आईबापांना वेळेवर हात, मुलांना निर्भय घर

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण बडोदा संस्थानात लागू केले, हे आपल्या शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. १९०४ मध्ये संस्थानात बालविवाह प्रतिबंधाचा कायदाही झाला होता. मूल ही केवळ आईबापांची खाजगी मालमत्ता नव्हे, त्याच्या भल्याची काळजी राज्याने आणि समाजानेही वाहायची असते, हा विचार आपल्या या भूमीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रुजला. छाणी त्याच संस्थानातले गाव.

तरीही एक उंबरठा असा आहे की जिथे कायद्याची पावले अडखळतात, आणि तो म्हणजे घराचा. मुलाला शाळेत आणणे कायद्याने जमले. घरात त्याच्यावर हात उगारला जाऊ नये, त्याला उपाशी किंवा एकटे ठेवले जाऊ नये, हे केवळ कायद्याने साधत नाही. तक्रार होते तोपर्यंत मुलाला व्हायची ती इजा होऊन गेलेली असते. म्हणून मारानंतरची शिक्षा हा एक भाग झाला. मार बसण्याची वेळच येऊ नये म्हणून कुटुंबाला आधीपासून आधार देणे हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग आहे. या लेखात त्या दुसऱ्या भागाविषयी.

छळ म्हणजे नेमके काय?

"आम्ही कुठे छळ करतो? दोन धपाटे दिले तर काय बिघडले?" असे अनेक पालक म्हणतात. जाणकार मात्र छळाचे चार प्रकार मानतात. पहिला शारीरिक: मारणे, चटके देणे, हाताला धरून हिसडणे, कोंडून ठेवणे. दुसरा मानसिक: सतत घालून पाडून बोलणे, "तू जन्मालाच आला नसतास तर बरे झाले असते" असे म्हणणे, मुलासमोर त्याच्या आईला मारणे. तिसरा लैंगिक. आणि चौथा हेळसांड: वेळेवर खाणे न देणे, आजारपणात औषधपाणी न करणे, लहानग्याला तासन्‌तास एकटे सोडणे. या चौथ्या प्रकाराची कुठे फारशी चर्चा होत नाही, पण लहान वयात त्याने होणारे नुकसान मारापेक्षा कमी नसते.

भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये या विषयावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. गुजरात व महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणे झाले. त्यांतील ६९ टक्के मुलांनी, म्हणजे तिघांतल्या दोघांनी, आपल्याला शारीरिक मार सोसावा लागल्याचे सांगितले. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ८९ टक्के मुलांना मारणारे स्वतःचे आईवडीलच होते. म्हणजे ही गोष्ट कुठल्या तरी दूरच्या वस्तीतली नाही. आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलांचीही ती असू शकते.

मारणारे आईबाप दुष्ट असतात का?

काही असतील. पण बहुतेक ठिकाणी चित्र वेगळे असते. वडिलांची रात्रपाळी, दिवसा झोप नाही. भाड्याच्या दोन खोल्या. हप्ते थकलेले. सासर-माहेर दोन्ही दूर. पहिले बाळ, आणि ते का रडते हे सांगायला घरात वडीलधारे कोणी नाही. दारूबंदी असूनही कोणाच्या घरात व्यसन शिरलेले. कोणाच्या घरी बाळंतपणानंतर आईचे मन खचलेले, तिला बाळाकडे पाहावेसेही वाटत नाही, आणि घरचे म्हणतात, "नाटके करते." अशा घरात एखाद्या रात्री हात उठतो. मग तो उठतच राहतो, कारण मारल्याने मूल क्षणभर गप्प होते आणि मोठ्यांना वाटते की उपाय लागू पडला.

यांतील बहुतेक कारणे अशी आहेत की ज्यांवर आधी काही करता येते. थकवा वाटून घेता येतो. अज्ञान दूर करता येते. एकटेपणा तर शेजारणीच्या एका चहाने कमी होतो. आईबापांचा भार वेळेवर हलका केला तर मुलाच्या पाठीवरचा मार कमी होतो, हे आता केवळ सद्भावनेचे वाक्य राहिलेले नाही. ते मोजून पाहिले गेले आहे.

मोजून पाहिलेला प्रयोग

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा नावाचे लहान शहर आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने तेथे ४०० स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या सर्व पहिलटकरणी होत्या. बऱ्याच गरीब, काही अगदी कोवळ्या वयाच्या, काही अविवाहित. त्यांतील काहींच्या घरी प्रशिक्षित परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत नियमित जात असे. ती आईची तब्येत पाही, बाळ का रडते ते समजावून देई, आईच्या पुढच्या शिक्षणाची व नोकरीची चौकशी करी आणि मुख्य म्हणजे तिचे ऐकून घेई.

पंधरा वर्षांनी पाहणी केली तेव्हा ज्या घरांत परिचारिका बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत येत होती, त्या घरांत मुलांचा छळ वा हेळसांड झाल्याची सिद्ध झालेली प्रकरणे इतर घरांच्या तुलनेत ४८ टक्क्यांनी कमी आढळली. हे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. ज्या घरांत आईलाच वारंवार मारहाण होत होती, तेथे या भेटींचा असा फायदा दिसला नाही. आई भीतीत जगत असेल तर तिला बाळाविषयी कितीही शिकवा, ते अपुरेच पडते. मुलाचे रक्षण आईच्या रक्षणापासून सुरू होते, हा या प्रयोगाचा दुसरा धडा.

आपल्याकडची सव्वा महिन्याची रीत

घरी जाऊन आधार देण्याची ही कल्पना आपल्याला नवी नाही. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना बाळंतिणीला विश्रांती, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाला न्हाऊ घालणारी अनुभवी बाई, रात्री बाळ रडले तर उचलून घेणारी आजी. या सगळ्याचा एक अर्थ असा होता की नव्या आईला एकटे सोडायचे नाही. त्या रीतीत चुकीच्या समजुतीही होत्या, बाळाला पहिले चिकाचे दूध न देण्यासारख्या, आणि त्या सोडून दिल्या हे बरेच झाले. पण रीतीबरोबर माणसेही गेली. आज सिझेरियन झालेली मुलगी पाचव्या-सहाव्या दिवशी दवाखान्यातून थेट फ्लॅटवर येते. नवऱ्याची रजा संपलेली असते आणि आई जळगाव किंवा धुळ्याला असते.

महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ही पोकळी वेगळ्या प्रकारे भरून काढली. १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाच्या काळजीचे शिक्षण देऊन घरोघर पाठवले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. हा प्रयोग बाळांचे प्राण वाचवण्यासाठी होता, छळ रोखण्यासाठी नव्हता. परंतु शिकवून तयार केलेली गावातलीच बाई पहिल्या काही दिवसांतच घराचा उंबरठा ओलांडून आत जाऊ शकते आणि घरचे तिचे ऐकतात, हे त्याने दाखवून दिले.

२०११ पासून हीच पद्धत देशभर आशा कार्यकर्तींमार्फत राबवली जाऊ लागली. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट, असे तिचे वेळापत्रक आहे. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर या भेटी तिसऱ्या दिवसापासून मोजतात. आपला सव्वा महिना संपतो न संपतो तोच शेवटची भेट येते, हे पाहून गंमत वाटते! २०१८ पासून टप्प्याटप्प्याने पुढच्या भेटीही जोडल्या गेल्या: तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांत. त्यांत बाळाचे वजन व आहार यांबरोबर बाळाशी बोलणे, खेळणे यांविषयीही आईला सांगितले जाते.

बडोद्याची देणगी: मुलाकडून काय अपेक्षा ठेवावी?

मुलांना मार बसतो त्यामागे एक कारण फार साधे आहे. मोठ्यांची अपेक्षा मुलाच्या वयाच्या पुढे धावत असते. दीड वर्षाचे मूल "ऐकत नाही", दोन वर्षांचे "मुद्दाम सांडते", चार वर्षांचे "अंथरूण ओले करते". प्रत्यक्षात पाच वर्षांच्या मुलांतही शंभरातली पंधराएक मुले रात्री अंथरूण ओले करतात. त्यात हट्ट नसतो, झोपेतला ताबा अजून आलेला नसतो. मारल्याने तो लवकर येत नाही.

कोणत्या महिन्यात भारतीय बाळ काय करू शकते, याचे पहिले पद्धतशीर मोजमाप झाले ते आपल्याच शहरात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यातील बाळांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या वाढीची मोजपट्टी तयार केली. मान धरणे, बसणे, चालणे यांसारख्या हालचालींच्या ६७ व समज, बोली यांच्या १६३ पायऱ्या तिच्यात आहेत. १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. आजही देशभरातील बालविकास तज्ज्ञ ती वापरतात आणि पूर्वीच्या मोजमापांना 'बडोदा' हेच नाव चिकटले आहे. एका मराठी विदुषीने बडोद्यात केलेले हे काम आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

याच प्रकारची एक गोष्ट प्रत्येक नव्या पालकाने लक्षात ठेवावी. निरोगी बाळाचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, दीड-दोन महिन्यांचे असताना सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांनंतर कमी होते. पोट भरलेले, लंगोट कोरडा, ताप नाही, तरीही बाळ रडते. त्यात आईची चूक नसते आणि बाळाचीही नाही. अशा वेळी रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवणे अत्यंत धोक्याचे आहे. बाळाचे डोके जड आणि मान नाजूक असते. जोरात हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ कायमचे अपंग होऊ शकते किंवा दगावू शकते. संताप अनावर झाला तर बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवा, पाच-दहा मिनिटे बाहेर ओट्यावर या, पाणी प्या, शेजारणीला हाक मारा. थोडा वेळ रडल्याने बाळाचे काही बिघडत नाही. मात्र ताप असेल, बाळ दूध घेत नसेल किंवा रडणे नेहमीपेक्षा वेगळे वाटत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

गिजुभाई आणि ताराबाई

मारावाचून शिस्त लागते का, या प्रश्नाचे उत्तर गुजरात व महाराष्ट्राने मिळून शोधले आहे. वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. मुलांनी प्रेमाने त्यांना 'मुछाळी मा' म्हणजे मिशा असलेली आई असे नाव दिले. राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावरून ताराबाई मोडक त्यांच्याकडे गेल्या. भय आणि लालूच या दोन्हींना त्यांच्या बालमंदिरात जागा नव्हती. घर बदलल्याशिवाय शाळा बदलून उपयोग नाही हे ओळखून या दोघांनी पालकांसाठीही भरपूर लेखन केले.

पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी डहाणूजवळ बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, आणि त्यांच्या साथीला अनुताई वाघ आल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आईबापांना "तुम्ही आमच्याकडे या" असे न सांगता आपण त्यांच्या दारात जायचे, हे त्या प्रयोगाचे मर्म. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

आज आपल्याला काय मिळू शकते?

हाताशी असलेली मदत माहीत नसल्यामुळे बरीच कुटुंबे एकटी झुंजत राहतात. म्हणून थोडक्यात यादी:

• अंगणवाडी: गुजरातमध्ये तिला नंदघर असेही म्हणतात. गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि सहा वर्षांपर्यंतची मुले यांना पोषण, वजन, लसीकरण व बालशिक्षण. मराठी घरांतील अनेकांना वाटते, "ते आपल्यासाठी नाही." तसे नाही.

• ममता दिवस: ठरलेल्या दिवशी गरोदर माता व बाळांची तपासणी, लस आणि सल्ला. सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या आईला घरी सोडणारी 'खिलखिलाट' गाडीही विनामूल्य असते.

• १८१ अभयम्: घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीसाठी गुजरातची २४ तासांची सेवा. फोनवर सल्ला मिळतो, गरज पडल्यास समुपदेशक घरी येते.

• आर्थिक आधार: केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ च्या सूचनांनुसार विधवा, परित्यक्ता किंवा गंभीर आजारी पालकांच्या मुलांसाठी, उत्पन्नाच्या अटीवर, दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. मूल अनाथाश्रमात न जाता घरीच वाढावे हा तिचा हेतू. आईबाप नसलेल्या मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी राज्याची पालक माता-पिता योजना आहे. चौकशी जिल्हा बाल सुरक्षा कार्यालयात करावी.

• १०९८: अडचणीतल्या मुलांसाठी देशभरातील विनामूल्य दूरध्वनी. १९९६ मध्ये मुंबईत त्याची सुरुवात झाली. फोन मूलही करू शकते, शेजारीही.

कायदाही माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास यांना बंदी आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातील मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तुरुंगवास होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. "समाजात बोभाटा नको" म्हणून ते दाबून ठेवणे हाही गुन्हा ठरतो. मुलाचे नाव मात्र गुप्तच ठेवले जाते.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी

कोणी तुम्हाला वारंवार मारत असेल, किंवा नको वाटेल असा स्पर्श करून "हे कुणाला सांगू नकोस" म्हणत असेल, तर ते गुपित पाळायचे नाही. आई, बाबा, आजी, बाई, सर यांपैकी ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. १०९८ लक्षात ठेवा. चूक तुमची नसते. आणि वर्गातला एखादा मित्र गप्प गप्प राहत असेल तर त्याला हसू नका. मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ डबा घेऊन बसा.

शाळा, समाज आणि विश्वस्त

आपल्या शाळेकडे पैसा फार नाही. पण इमारत आहे, विश्वास आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. त्यावर तीन गोष्टी सहज उभ्या राहू शकतील.

पहिली, महिन्यातून एका रविवारी एक वर्ग तीन वर्षांखालील मुलांच्या पालकांसाठी उघडावा. त्यांचे मूल आपल्या शाळेत असो वा नसो. व्याख्यान नको, गप्पा हव्यात. विद्यापीठातील मानवविकास विभागाच्या अध्यापकांना अधूनमधून बोलावता येईल. वडिलांनी आवर्जून यावे म्हणून वेळ पाळ्या पाहून ठरवावी.

दुसरी, ज्या आजी-मावशींची स्वतःची मुले मोठी झाली आहेत त्यांनी आपल्या गल्लीतल्या एका नव्या आईची जबाबदारी घ्यावी. आठवड्यातून एकदा जाऊन यावे, तासभर बाळ सांभाळावे, आईला झोपू द्यावे. उपदेश कमी, मदत जास्त.

तिसरी, शिक्षकांनी खुणा ओळखायला शिकावे: वारंवार दिसणारे वळ, सतत भूक, घरी जायची भीती, अचानक घसरलेला अभ्यास. आणि खूण दिसल्यावर आधी पालकांना दोष देण्याऐवजी "घरी काही अडचण आहे का?" असे विचारावे. मात्र मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर थांबू नये, १०९८ ला किंवा पोलिसांना कळवावे. अशा वेळी पालकांशी आधी बोलत बसल्याने मूलच अधिक अडचणीत येऊ शकते.

गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी आपण घरोघर जातो. दार वाजवायची आपल्याला सवय आहे. तशीच एक फेरी, पावतीपुस्तक न घेता, ज्या घरात नुकताच पाळणा हलला आहे तिथे व्हावी. मुलाला जपायचे तर आधी त्याच्या आईबापांना विचारायला हवे, "तुम्ही जेवलात का, झोपलात का, आम्ही काय करू?"